वाचकांचे प्रश्न : हवेतला कार्बन मोजणारी माणसं

मागच्या अंकात मी दोनच ओळी लिहिल्या होत्या की २०२५ च्या मे महिन्यात हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर कार्बन डायऑक्साइडची महिन्याची सरासरी पहिल्यांदाच ४३० पीपीएमच्या वर गेली. पीपीएम म्हणजे हवेचे दहा लाख रेणू घेतले तर त्यातले ४३० या वायूचे. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आलीत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि पत्रं थोडी कापलीत.

प्रश्न (एक शिक्षिका, कराड) : ताई, अख्ख्या जगाचा आकडा एका डोंगरावरून कसा काय काढतात? वर्गात सांगायला गेले तर एक मुलगा म्हणाला, बाई, तो तर ज्वालामुखी आहे ना, मग तो स्वतःच कार्बन सोडत असेल की! मला उत्तर देता आलं नाही.

त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या, कारण हाच प्रश्न मोजणाऱ्यांनाही पहिल्या दिवसापासून सोडवायला लागला होता. चार्ल्स डेव्हिड कीलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने मार्च १९५८ मध्ये तिथे मोजणी सुरू केली आणि पहिला आकडा आला साधारण ३१३. त्याच्या आधी लोक कार्बन मोजत नव्हते असं नाही, पण कोणी शहरात मोजायचं, कोणी शेतात, कोणी रात्री, कोणी दुपारी, आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा यायचा, त्यामुळे हवेत हा वायू कसाही वरखाली होतो असंच वाटायचं. कीलिंग १९५५ च्या सुमाराला काचेचे फ्लास्क घेऊन कॅलिफोर्नियाच्या जंगलात, डोंगरात, वाळवंटात फिरला आणि त्याला दिसलं की रात्री आकडे वेगवेगळे येतात पण दुपारी हवा नीट ढवळली गेली की सगळीकडे जवळपास तोच आकडा, ३१० च्या आसपास. म्हणजे जागा आणि वेळ नीट निवडली तर हवा खरं सांगते.

मौना लोआची वेधशाळा ३,३९७ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच, भोवती काळा लाव्हा, झाडझाडोरा जवळपास नाही, आणि चारी बाजूंनी पॅसिफिक. तिथे पोचणारी हवा हजारो किलोमीटर समुद्रावरून ढवळत आलेली असते. आता ज्वालामुखीचं. रात्री वारा डोंगरावरून खाली वाहतो तेव्हा कधी कधी शिखराजवळच्या भेगांमधला वायू सोबत येतो, पण तो आला की यंत्रावर आकडा एकदम उड्या मारायला लागतो, स्थिर राहत नाही. दुपारी उलटं होतं, खालच्या जंगलाने कार्बन खाल्लेली हवा वर चढते आणि आकडा थोडा कमी दाखवते. असे तास ओळखून बाजूला काढतात आणि जेव्हा हवा तासन् तास स्थिर असते तेवढेच तास धरतात.

आणि तो डोंगर एकटा नाहीये. दक्षिण ध्रुवावर १९५७ पासून नमुने घेतायत, अलास्काच्या टोकाला आणि सामोआ बेटावर अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि समुद्र अभ्यासणाऱ्या सरकारी संस्थेची केंद्रं आहेत, टास्मानियाच्या केप ग्रिमवर ऑस्ट्रेलियाचं केंद्र १९७६ पासून आहे. शिवाय जगभरात पन्नासेक ठिकाणी लोक ठरलेल्या दिवशी अडीच लिटरच्या काचेच्या बाटल्यांची जोडी भरून अमेरिकेतल्या बोल्डरला पाठवतात. जोडी कशासाठी, तर दोन बाटल्यांचा आकडा जुळला नाही तर कुठेतरी गळती झालीय हे कळावं म्हणून. हे सगळं जागतिक हवामान संघटनेच्या एका छत्राखाली १९८९ पासून चालतं. इतक्या जागा एकच गोष्ट सांगतात म्हणून त्या एका डोंगराच्या आकड्यावर विश्वास बसतो.

प्रश्न (नववीतला विद्यार्थी, नाशिक) : ताई, मी नेटवर तो आलेख बघितला. तो करवतीसारखा दातेरी का आहे? सरळ वर का जात नाही?

अरे, जगातली बहुतेक जमीन आणि जंगलं उत्तर गोलार्धात आहेत ना, तिथे उन्हाळा आला की झाडांना पालवी फुटते आणि ती हवेतला कार्बन ओढून घेतात, म्हणून मे नंतर आकडा खाली येतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत, मग पानं गळतात, कुजतात आणि आकडा परत वर चढतो. मौना लोआला ही वरखाल साधारण ६ पीपीएमची आहे, अलास्काला त्याच्या दुपटीहून जास्त कारण जंगलं जवळ, आणि दक्षिण ध्रुवावर जेमतेम १ च्या आसपास. कीलिंगला पहिल्याच वर्षी मे नंतर आकडा घसरताना दिसला तेव्हा त्याला यंत्रावरच शंका आली होती, दुसऱ्या वर्षी तेच पुन्हा झालं तेव्हा लक्षात आलं की हा पृथ्वीचा श्वास आहे. आता आलेख परत बघ, प्रत्येक दाता मागच्या दात्यापेक्षा थोडा वर सुरू होतो. ती वाढ आपली.

प्रश्न (चंद्रपूर) : ती वाढ आपली कशावरून? समुद्रातून, जंगलातून येत असेल.

तीन साक्षी आहेत आणि तिन्ही मोजलेल्या आहेत. कोळसा, तेल कोट्यवधी वर्षं जमिनीत पडून असतं म्हणून त्यात कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा काळानुसार झिजत जाणारा प्रकार, उरलेलाच नसतो, आणि हवेतलं त्याचं प्रमाण विरळ होत गेलेलं दिसतं. दुसरं, झाडांना जड कार्बन-१३ कमी आवडतो, कोळसा म्हणजे जुनी झाडंच, म्हणून हवेतला कार्बन-१३ चा वाटाही घसरतोय. तिसरी साक्ष मला सगळ्यात पटते, काहीही जळलं की ऑक्सिजन खर्च होतो, आणि हवेतला ऑक्सिजन खरंच अगदी थोडा थोडा कमी होतोय. घाबरू नका, श्वासाला काही फरक पडणार नाही, पण मोजता येतो. ती मोजणी राल्फ कीलिंगने १९८० च्या दशकाच्या शेवटी सुरू केली, तो चार्ल्सचाच मुलगा. वडील २००५ साली गेले आणि कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेतली ती कार्बनची नोंदही आता तोच सांभाळतो. समुद्रातून नुसता वायू बाहेर आला असता तर ऑक्सिजन असा घटला नसता.

प्रश्न (मडगाव) : माझं आजोळ काणकोणचं. काब द रामच्या किल्ल्यावर गेलो होतो तेव्हा कोणीतरी सांगितलं की इथली हवा बाटलीत भरून ऑस्ट्रेलियाला पाठवायचे. खरं की नुसत्या गप्पा?

अगदी खरं! आणि हा प्रश्न आल्याचा मला फार आनंद झाला कारण ही गोष्ट गोव्यातच फारशी कोणाला माहीत नाही. अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी आणि ऑस्ट्रेलियाची सीएसआयआरओ ही सरकारी संशोधन संस्था यांनी मिळून १९९३ पासून तिथे हवेचे नमुने घेतले, फ्लास्क मेलबर्नजवळच्या अ‍ॅस्पेंडेलच्या प्रयोगशाळेत जायचे आणि तिथे कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, शिवाय कार्बनचे समस्थानिक, म्हणजे कार्बन-१३ सारखे प्रकार, सगळं तपासलं जायचं. नमुना घ्यायचा तो दुपारी खारे वारे वाहत असताना, म्हणजे गावातल्या चुलींचा, गाड्यांचा धूर त्यात मिसळत नाही. मतलई वाऱ्यात घेतला असता तर सगळं गाव त्या बाटलीत आलं असतं.

पण त्या जागेचं खरं वैशिष्ट्य म्हणजे आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर तिथे येणारा नैऋत्येचा वारा विषुववृत्त ओलांडून, अरबी समुद्र पार करून आलेला असतो, म्हणजे ती दक्षिण गोलार्धातली हवा, स्वच्छ, मिथेन कमी. आणि हिवाळ्यात वारा फिरला की तीच जागा उपखंडाची हवा पकडते, भातशेती, गुरंढोरं, जळण, कारखाने सगळ्याचा माग त्यात असतो. एकाच कड्यावर उभं राहून वर्षभरात दोन्ही गोलार्धांची हवा मोजता येते, अशा जागा जगात फार नाहीत. मी स्वतः तिथे एकदा जुलैत गेलेय आणि एकदा जानेवारीत, जुलैत वारा तोंडावर पाण्याचे फटके मारत होता आणि जानेवारीत क्षितिजच धूसर, आणि तेव्हा मला हे काहीच माहीत नव्हतं, नुसता समुद्र बघून आले.

२००२ पर्यंत ती नोंद चालली, मग खंड पडला, नंतर काही वर्षं पुन्हा नमुने घेतले गेले, पण मौना लोआसारखी सलग रेघ काही तयार झाली नाही. आपल्याकडे बाकी प्रयत्न झालेत, लडाखमध्ये हानलेला साडेचार हजार मीटरवर, पुदुच्चेरीला आणि पोर्ट ब्लेअरला फ्रेंच शास्त्रज्ञांच्या सोबतीने नमुने घेतले गेले, आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २००९ च्या नोव्हेंबरपासून सिंहगडावर मोजणी सुरू केली. हो, त्याच सिंहगडावर जिथे आपण पिठलं-भाकरी खायला जातो. एवढ्या मोठ्या देशाला, एवढ्या शेतीला आणि एवढ्या मोठ्या मान्सूनला हे फारच थोडं आहे असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न (पुणे) : मी ऑनलाइन कार्बन डायऑक्साइडचा मीटर घेतलाय, बेडरूममध्ये ११०० दाखवतो. असे मीटर घरोघरी लावले तर महागडी केंद्रं कशाला हवीत?

११०० म्हणजे खिडकी उघडा एवढंच. आपण श्वास सोडतो त्यात हा वायू ४ टक्के म्हणजे ४०,००० पीपीएम असतो, बंद खोलीत तो साचतो. तुमचा मीटर खोलीसाठी चांगला आहे पण तो सहज ५० पीपीएम इकडेतिकडे असू शकतो, आणि जगाची वाढ वर्षाला अडीच-तीनच आहे. जगभरच्या केंद्रांच्या जाळ्यात दोन केंद्रांमधला फरक उत्तर गोलार्धात ०.१ पीपीएमच्या आत असावा असा दंडक आहे. त्यासाठी वाण्याच्या वजनांवर जसा वजनमापवाल्यांचा शिक्का लागतो तसंच इथे आहे, बोल्डरमध्ये कार्बनचं प्रमाण नेमकं माहीत असलेल्या हवेचे मूळ मापाचे सिलिंडर ठेवलेत, त्यांच्यावरून भरलेले सिलिंडर जगभर जातात आणि प्रत्येक केंद्र आपलं यंत्र त्याच्याशी पुन्हा पुन्हा ताडून बघतं. मधे या मापातच बारीकशी चूक सापडली, ४०० पीपीएमला ०.१८ एवढी, तर जुन्या सगळ्या नोंदीचा नव्या मापाने परत हिशोब केला. यंत्रं बदलतात, माणसं बदलतात, पण माप तेच राहिलं पाहिजे नाहीतर आजोबांच्या आकड्याला नातवाचा आकडा जोडताच येणार नाही.

प्रश्न (एक शेतकरी, वाळवा तालुका, सांगली) : ऊस भरपूर कार्बन ओढतो म्हणतात. मग त्याचे पैसे शेतकऱ्याला मिळायला पाहिजेत. आणि शेतातलं हे मोजतात कसं?

काका, ऊस ओढतो हे शंभर टक्के खरं, त्याच्याइतक्या झपाट्याने ओढणारी पिकं थोडीच. पण हिशोब ओढण्याचा नसतो, राहण्याचा असतो. आडसाली ऊस धरला तरी दीड वर्षात तो कारखान्याला जातो, साखर आपण खातो आणि श्वासातून सोडतो, बगॅस म्हणजे चोथा बॉयलरला जळतो, वाडं जनावरं खातात, आणि पाचट पेटवलं तर तेही गेलं. जमिनीत जे राहतं तेवढंच खरं साठलेलं. म्हणून पाचट न जाळता कुजवणाऱ्याला जास्त श्रेय मिळायला हवं असं माझं मत आहे, पण ते किती हे मोजल्याशिवाय कोणी पैसे देणार नाही आणि देऊही नये.

मोजायची पद्धत सुंदर आहे. पिकापेक्षा उंच मनोरा उभा करायचा, त्यावर एक यंत्र वारा वर जातोय की खाली हे सेकंदाला दहा-दहा वेळा टिपतं आणि दुसरं त्याच क्षणी हवेतला कार्बन टिपतं. शेतावर वाऱ्याचे छोटे छोटे भोवरे सतत फिरत असतात, खाली जाणाऱ्या भोवऱ्यात कार्बन जास्त आणि वर येणाऱ्यात कमी असेल तर मधला पिकाने घेतला. जगभर असे शेकडो मनोरे आहेत, आपल्याकडे आयआयटीएमने आसामात काझीरंगाच्या जंगलात उभारलाय. मात्र वर्षभर, पावसापाण्यात, लाईट जाऊन-येऊन ते चालू ठेवणं हे कष्टाचं काम आहे, तुम्हाला ते वेगळं सांगायला नको.

प्रश्न (नागपूर) : स्पष्टच विचारतो. सत्तर वर्षं मोजतायत आणि आकडा वाढतोच आहे. मोजून फायदा काय झाला?

तुमची चीड मला समजते, मलाही येते. पण एक हिशोब बघा. जग वर्षाला कोळसा, तेल, गॅस, सिमेंटमधून साधारण ३७ अब्ज टन आणि जंगलतोडीतून ४ अब्ज टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतं. हवेत १ पीपीएम वाढायला ७.८ अब्ज टन लागतात. म्हणजे सगळं हवेतच राहिलं असतं तर दरवर्षी ५ पीपीएमहून जास्त वाढ व्हायला हवी, पण दिसते अडीचच्या आसपास. उरलेलं निम्मं समुद्र आणि जंगलं गिळतात, फुकट, न मागता. हे आपल्याला फक्त मोजल्यामुळे कळलं. आणि आता खरी काळजी ही आहे की ते निम्मं असंच गिळत राहतील का? २०२३ ते २०२४ मध्ये जागतिक सरासरी ३.५ पीपीएमने वाढली, मोजणी सुरू झाल्यापासूनची सगळ्यात मोठी उडी, आणि त्या काळात एल निनो होता, वणवे होते, जमिनीने कमी ओढलं. एका वर्षावरून निष्कर्ष काढता येत नाही, म्हणूनच पुढची वीस वर्षं तीच जागा तेच माप लागणार.

आणि मोजून प्रत्यक्ष फायदा झाल्याचं उदाहरण हवं तर सीएफसी-११ चं घ्या. ओझोनला खाणारा आणि तापमानही वाढवणारा हा वायू, २०१० पासून जगभर त्याचं उत्पादन बंद. तो हवेतून ठरलेल्या वेगाने कमी व्हायला हवा होता, पण २०१८ मध्ये नोआच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की २०१२ नंतर उतार मंदावलाय, म्हणजे कुठेतरी चोरून बनतोय. पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियाच्या गोसान आणि जपानच्या हातेरुमा या दोन केंद्रांच्या नोंदी वाऱ्याच्या दिशेशी जोडून पूर्व चीनमधल्या शानडोंग आणि हबेई प्रांतांकडे बोट दाखवता आलं. दोन वर्षांत हवेतला आकडा पुन्हा नीट खाली यायला लागला. ती केंद्रं काही चोर पकडायला बांधलेली नव्हती, नुसती रोज मोजत बसलेली होती.

प्रश्न (ठाणे) : आता उपग्रह आहेत ना?

आहेत आणि फार कामाचे आहेत, जपानचा गोसॅट २००९ पासून, अमेरिकेचा ओसीओ-२ २०१४ पासून. पण ते जमिनीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश वाचतात, म्हणजे ढग आले की काम थांबलं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर, जेव्हा सगळा देश हिरवा होऊन कार्बन ओढत असतो, नेमके तेच महिने त्यांना नीट दिसत नाहीत. आणि उपग्रहाचा आकडा बरोबर आहे का हे शेवटी जमिनीवरच्या यंत्रांशीच ताडून बघतात.

प्रश्न (न्यू जर्सी) : इथे बातम्यांत येतंय की मौना लोआ बंद होऊ शकतं. काही महिने बंद राहून परत सुरू झालं तर बिघडतं काय?

तुम्ही म्हणताय ते २०२५ चं, अमेरिकेच्या सरकारने २०२६ च्या बजेट प्रस्तावात नोआचा संशोधन विभागच बंद करायचं सुचवलं होतं आणि मौना लोआ त्याच्याच अखत्यारीत येतं. हे पहिल्यांदा होत नाहीये. १९६४ च्या सुरुवातीला पैसे कापले गेले, दुरुस्तीला माणूस उरला नाही आणि काही महिने मोजणी थांबली. आजही त्या आलेखात तिथे भोक आहे. कितीही पैसे टाकले तरी १९६४ च्या मार्चमधली मौना लोआची हवा आता कोणी आणू शकत नाही. बर्फात अडकलेल्या हवेवरून आठ लाख वर्षं मागचं कळतं हे खरं, पण तिथे अनेक वर्षांची हवा एकमेकांत मिसळलेली असते, एका महिन्याचा आकडा त्यातून निघत नाही.

त्याउलट २०२२ बघा. नोव्हेंबरच्या शेवटी मौना लोआचा उद्रेक झाला, लाव्हाने रस्ता आणि विजेची लाईन दोन्ही तोडली, केंद्र बंद पडलं. नोआच्या लोकांनी दहा-बारा दिवसांत समोरच्या मौना केआ डोंगरावर यंत्र नेऊन मोजणी सुरू केली, आणि मार्च २०२३ पासून जुन्या जागीही थोडी थोडी सुरू केली. पर्यायी जागेचा आकडा जुन्या जागेशी किती जुळतो हेही तपासावं लागतं, तेव्हा कुठे रेघ सांधली जाते.

मडगावच्या वाचकाचं पत्र वाचताना मला हेच आठवत होतं. २००२ नंतर खंड पडला त्या पावसाळ्यांत काब द रामला जो वारा येऊन गेला तो कोणत्याच बाटलीत नाही. किल्ला तिथेच आहे, दुपारचे खारे वारेही आहेत, आणि बाटल्यांची जोडी भरायला एका माणसाला फार वेळ लागत नाही. गोव्यातल्या एखाद्या कॉलेजने किंवा संस्थेने हे परत हातात घेतलं असेल किंवा घ्यायचा विचार असेल तर मला जरूर कळवा, पुढच्या अंकात पहिली जागा त्या पत्राला.